भयानक रसाची खास आवृत्ती

ज्याने सभेतला खांब दुभंगून रूप प्रकट केले, ज्याच्या गर्जनेने दिशा थरारल्या आणि तरीही ज्याच्या चरणांशी एक बालक निर्धास्त उभे राहिले, त्या श्रीनृसिंहाला प्रथम साष्टांग नमस्कार. भय त्याचेच आणि अभयही त्याचेच. त्याच्या साक्षीने भयातूनच लाभलेल्या एका आनंदाची आठवण आज लिहावयास बसलो आहे.

निमित्त असे घडले. आज नृसिंह जयंती. पूजा आटोपून मी प्रसाद वाटत होतो, तोच नातीच्या नावे एक पार्सल आले. तिने ते मोठ्या अधीरतेने उघडले. आत पत्र्याची एक नक्षीदार डबी निघाली. तिच्यावर उठावाने कोरलेले पडके घर आणि त्याच्या दारात एक सावली. डबीत आरशासारखी चकाकणारी तबकडी. ही मुलगी भुताखेतांचे चित्रपट अशा डब्यांतून जमविते, आणि चित्रपटाइतकीच डबीही जपते. मी सहज हात पुढे केला.

"आजोबा, थांबा! ही खास आवृत्ती आहे. बोटांचे ठसे उमटतात."

मी हात मागे घेतला आणि मला हसू आवरेना. ती जरा रागावलीच. "हसायला काय झालं? तुम्हाला नाही कळायचं ते."

मला नाही कळायचे! अग बाळे, तुझ्या आईचाही जन्म झाला नव्हता, तेव्हापासून हे वेड या घरात नांदते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षे लोटली होती. मेहकरच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. पहाटे पैनगंगेवर स्नान, घरी संध्या आणि देवपूजा, दिवसा मुलांकडून शब्दरूपांची घोकंपट्टी, सायंकाळी देवळात पुराणवाचन, असा माझा नेमस्त दिनक्रम होता. घरात लाकडाचे एक कपाट होते. त्याच्या वरच्या फळ्यांवर तांबड्या रुमालात बांधलेल्या पोथ्या असत. खालच्या फळीवर, तशाच तांबड्या रुमालात बांधलेल्या, भयपटांच्या ग्रामोफोन-तबकड्या असत.

लोकांना याचे नवल वाटे; मला वाटत नसे. आमच्या रसशास्त्राने भयानक हा रस मानलेला आहे, शृंगार आणि करुण यांच्याच पंक्तीला बसविलेला आहे. शृंगाराची गाणी ऐकणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. मग तबकडीवर सुई टेकावी, आधी नुसती खरखर यावी, तिच्यातून एखादे जुने दार करकरत उघडावे, लांबून एका स्त्रीचा आर्त सूर जवळ जवळ येत जावा आणि भर दुपारी, उन्हाने लख्ख झालेल्या ओसरीवर बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा उभा राहावा, यात चूक ती कोणती? काटा ओसरला की मन असे स्वच्छ होई, जणू नुकतेच स्नान घडले आहे.

घरच्यांचे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे, मत मात्र निराळे होते. "शेजारच्या काकू परवा विचारत होत्या," त्या मला म्हणाल्या. "म्हणे, तुमच्याकडे दुपारी कोण बाई रडत असते? गुरुजी मारतात की काय?"

"मग तू काय सांगितलेस?"

"म्हटलं, मारत नाहीत. चावी देतात आणि रडवतात."

आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही एकदा सर्व शिक्षकांदेखत म्हणाले होते, "पंडित, तुमच्या कपाटात देव आणि भूत एकाच भाड्यात राहतात म्हणे!" सगळे हसले. मीही हसलो. खोटे काय होते त्यात?

फोनो, म्हणजे ग्रामोफोन, माझा चावीचा होता, पेटीसारखा मिटणारा. तबकड्या लाखेच्या, जड आणि काचेसारख्या ठिसूळ. बहुतेक तबकड्या खाकी कागदाच्या साध्या पाकिटातून येत. पण भयपट काढणाऱ्या मंडळींना चित्रांची मोठी हौस असे. त्यांच्या तबकड्यांना जाड पुठ्ठ्याची रंगीत कव्हरे मिळत. त्यांवर वटवाघळे, पडके बुरूज, हातात दिवा घेतलेली पाठमोरी बाई. मला ही कव्हरे क्वचितच मिळत, कारण माझ्या बहुतेक तबकड्या तंबूतल्या सिनेमावाल्यांकडून, बँडवाल्यांकडून, वापरून झाल्यावर उघड्याच माझ्याकडे येत. त्या उघड्या तबकड्यांकडे पाहून मला हळहळ वाटे. पोथीला रुमाल नसावा, तशा त्या मला दिसत.

अशा काळात एकदा बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन भाजी आणावयास गेलो होतो. एका भाजीवाल्याने वांग्यांचा ढीग मांडला होता, आणि त्याच्या मागे, टोपलीला टेकवून, एक कव्हर उभे केले होते! निळ्या रंगाचे रान, त्यात पांढरी पालखी, आणि पालखीच्या पडद्यातून बाहेर आलेला नुसता हात. मी जागच्या जागी खिळलो. त्या पालखीची तबकडी माझ्या कपाटात होती.

भाजीवाला माझ्याच वयाचा, दुसरबीडचा बागाईतदार. तो म्हणाला, "गुरुजी, वांगे पाह्यता का कव्हर पाह्यता?"

"कव्हर."

"ते इकाचं नाई. वांगे ताजे हायेत."

"आतली तबकडी कोठे आहे?"

"फुटली न! लग्नात वाजवाले नेली होती, कोनाच्या तरी पायाखाली आली. पन कव्हर पाहा. कोपरा बी मुडपला नाई!"

मी म्हणालो, "माझ्याकडे तबकडी आहे. तिला कव्हर नाही."

त्याने हातातला तराजू खाली ठेवला. समोर एक म्हातारी वांगी निवडीत होती. ती ओरडली, "अरे ए, मह्या वांग्याचं काय करतं?"

"मावशे, घे तुह्याच हातानं तोलून! मी आलोच!" असे म्हणून तो कव्हर छातीशी धरून माझ्या पुढे चालू लागला, आणि दहा पावलांवर थांबून म्हणाला, "गुरुजी, घर कोनत्या बाजूले हाये तुमचं?"

माझ्या ओसरीवर आम्ही दोघांनी मिळून ती तबकडी त्या कव्हरात सरकवली. सर्रकन् आत गेली. दोन्ही कडा जुळल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि लहान मुलांसारखे हसत सुटलो. मला नाद ध्वनीचा, त्याला चित्राचा. त्या दिवसापासून आमचा संग्रह एक झाला आणि आमची मैत्रीही.

पण त्या मैत्रीत एक सल होता. सगळी कव्हरे माझ्या घरी राहत. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की तो माझ्याकडे येई, हात स्वच्छ धुऊन पुसे, एकेक कव्हर मांडीवर घेऊन न्याहाळी, आणि संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या हाती परत जाई. त्याच्या घरी एकही कव्हर नेण्याची सोय नव्हती, कारण त्याचे वडील.

त्यांच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. म्हाताऱ्याचा त्यांच्यावर फार भाव. आसरांच्या समोर हडळीचे चित्र आणले तर पाणी आटेल, अशी त्याची खात्री होती. एकदा मुलाने हौसेने हडळीचे एक कव्हर घरी नेले, खाटेसमोरच्या भिंतीला लावले. म्हाताऱ्याने ते काढले आणि चुलीत घातले.

"जळताना बी चांगलं दिसत होतं, गुरुजी," माझा मित्र मला सांगत होता. डोळ्यांत पाणी होते. "सकाई उठल्यावर समोर एक तरी पाह्यजे. एकच. बाकीचे तुमच्यापाशी राहू द्या."

पुढे चैत्रात एक बातमी आली. खामगावला तबकड्यांचे एक दुकान होते. मी शाळेच्या कामाने तिकडे गेलो असता दुकानदार म्हणाला की एका नव्या भयपटाची खास आवृत्ती निघणार आहे. तीन तबकड्यांची पेटी. पेटीच्या झाकणावर हवेली, हवेलीपुढे विहीर. झाकणाच्या कडेला कागदाची एक जीभ. ती ओढली की विहिरीतून पांढऱ्या वस्त्रातली, केस मोकळे सोडलेली बाई हळूहळू वर येते! अशा पेट्या मोजक्याच काढल्या आहेत, आणि आपल्या भागासाठी एकच मिळायची आहे.

मी मेहकरला परतलो तो बाजाराचाच दिवस होता. मित्राला हे सांगितले, तेव्हा त्याने मांडीवरचे कव्हर खाली ठेवले. मग म्हणाला, "जीभ ओढली की वर येते?"

"हो."

"अन् सोडली की?"

"खाली जाते."

"हे मह्याच घरी पाह्यजे, गुरुजी." तो उठून उभा राहिला होता. "काई बी होवो."

पुढच्या बाजाराला तो आला तो निर्णय घेऊनच. वडिलांशी बोलणे झाले होते. "बुढा म्हने, आन. पाह्यतो. वाईट दिसलं तं चुलीत." त्याने माझ्याकडे पाहिले. "अन् घालीन बरं का तो. त्याले म्या रोखू शकत नाई, घर त्याचं हाये. पन ठेवून घेतली तं कायमची राहीन."

म्हणजे सगळे त्या एका क्षणावर येऊन ठेपले होते. पेटी आणायची, म्हाताऱ्यापुढे ठेवायची, आणि तो काय म्हणतो ते पाहायचे. विहिरीच्या पाण्याची पाळी त्या आठवड्यात त्याच्याकडे होती, ती चुकली असती तर भावबंदांनी पुन्हा दिली नसती. म्हणून पेटी आणावयास मी खामगावला जावे, असे ठरले.

त्या प्रवासाचा आनंद मी काय वर्णावा! गाडीत बसल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. जपाची माळ हातात होती, पण मणी कोठवर आला ते कळत नव्हते. दुकानदाराने पेटी काढली, वरचा पातळ कागद दूर केला आणि मला जीभ दाखवली. मी ती ओढली. पुठ्ठ्याच्या आत काहीतरी हलल्याचा बारीक आवाज झाला आणि काळ्या विहिरीच्या काठावरून आधी केस, मग कपाळ, मग दोन विशाल डोळे वर आले. माझ्या तोंडून "नारायण!" असे निघून गेले.

दुकानदार हसला. "पंडितजी, हे भूत परत घेत नाही बरं का. एकदा गेलं की गेलं."

मी पेटी स्वच्छ उपरण्यात गुंडाळली आणि परतीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसलो. जानेफळच्या पुढे शेजारच्या एका गृहस्थाने मोठ्या आदराने विचारले, "महाराज, देव हाये का?"

"नाही."

"मंग काय हाये?"

असत्य बोलण्याची मला सवय नाही. "हडळ," मी म्हणालो.

तो गृहस्थ उठला आणि कंडक्टरच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पुढची एक बाई त्याला म्हणाली, "काऊन हो भाऊ, एवढी जागा सोडून उभे काऊन राह्यले?" त्याने नुसते माझ्याकडे बोट केले. मेहकर येईपर्यंत माझ्या बाकावर दुसरे कोणी बसले नाही. एवढा ऐसपैस प्रवास मला पुन्हा घडला नाही.

दुपारी घरी पोहोचलो. चैत्रगौरीचे दिवस. आमच्याकडे गौर मांडलेली होती, वाटलेल्या डाळीचा आणि कैरीच्या पन्ह्याचा वास घरभर दरवळत होता, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांसाठी हरभरे भिजत घातलेले होते. मी घरच्यांना हाक मारली, पेटी पाटावर ठेवली आणि जीभ ओढली.

त्यांनी भुवया उंचावल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. वर आलेल्या त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती सुंदर आहे हो. कपाळ मात्र मोकळं आहे."

"भूत आहे ते."

"असेल," एवढेच म्हणून त्या आत गेल्या. मला देवळात पुराणाला जायचे होते, मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानसंध्या उरकून, दुसरबीडच्या गाडीसाठी पेटी बांधण्यापूर्वी, मी एकदा जीभ ओढून पाहिली. केस वर आले, आणि त्यांच्या खाली, दोन्ही भुवयांच्या मधोमध, हरभऱ्याएवढे ठसठशीत कुंकू वर आले. त्याच्या खाली हळदीचे बोट.

मी जीभ तशीच धरून हाक मारली. "हे कोणी केले?"

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी. काल गौरीच्या हळदीकुंकवाला साऱ्या आळीच्या बायका येऊन गेल्या. ही एकटीच ओसरीवर मोकळ्या कपाळाने पडून होती. घरी आलेल्या बाईला तशी कशी जाऊ देऊ? हरभऱ्यांनी ओटीही भरणार होते, पण म्हटलं पुठ्ठा भिजेल, तुम्ही रागवाल."

"अगं, ही दुसऱ्याची वस्तू! साऱ्या जिल्ह्यात एक!"

"म्हणून तर नीट लावलंय," त्या म्हणाल्या. "खाली मेण लावलंय. पडायचं नाही."

माझ्या मनात आले की पिठाच्या गोळ्याने हळूच टिपून पाहावे. मी गोळा मळूनही घेतला. पण बोट पुढे होईना. बाईच्या कपाळीचे कुंकू आपल्या हाताने पुसायचे? चित्रातली का असेना! जन्मभर ज्या हाताने मंगलकार्ये केली, तो हात त्या कपाळाजवळ जाईना. मी पिठाचा गोळा गायीला घातला, एका हाती फोनोची पेटी आणि दुसऱ्या हाती ती हवेली घेऊन स्टँडवर आलो. काळजी होती, पण खरे सांगायचे तर आनंदही होता. त्या तीन तबकड्या अजून कोणी ऐकल्या नव्हत्या. पहिली चावी दुसरबीडलाच द्यायची, असे आमचे ठरले होते.

दुसरबीडला माझा मित्र स्टँडवर उभाच होता; गाडी थांबण्यापूर्वीच धावत आला. "आणली? खरंच आणली?" मळा जवळच होता, पण त्याला धीर कोठला! रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत तो बसला, हात धोतराला तीनदा पुसले आणि उपरणे सोडले. हवेली पाहताच तो वाकला. खिडक्या, कमान, विहिरीची चाके, एकेक गोष्टीवरून त्याने बोट न टेकवता बोट फिरवले. मग जीभ ओढली.

त्याने पेटी डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळली.

"गुरुजी, हे छापलेलंच हाये का?"

"नाही. तुझ्या वहिनींनी लावले." मी सगळे सांगितले.

त्याने अंगठा उचलला, कपाळापर्यंत नेला आणि तेथेच थांबला. "नाई बा," तो पुटपुटला. "कुकू कसं पुसू?" मग त्याचा चेहरा रडवेला झाला. "जिल्ह्यात एकच आली होती, गुरुजी. कोरी."

मी पेटी पुन्हा उपरण्यात गुंडाळली. आम्ही तसेच उठलो आणि मळ्याकडे चालू लागलो.

म्हातारा वाफ्यात पाणी सोडीत होता. आम्हाला पाहून खांद्यावर फावडे टाकून, चिखलाच्या पायांनी तो ओट्यापाशी आला. दारात माझ्या मित्राची आई आणि बायको येऊन उभ्या राहिल्या. आतल्या चुलीवर भाकऱ्या चालल्या होत्या. दारातून जाळ दिसत होता, आणि माझा मित्र त्या जाळाकडेच पाहत होता.

"रामराम, महाराज," म्हातारा म्हणाला. "दाखवा तुमची हडळ."

पेटी ओट्यावर ठेवली. म्हाताऱ्याने चिखलाचा हात पुढे केला.

"बाबा, हात धुवा!" मुलगा कळवळला.

"काऊन बे? तुह्या भुताले मातीचं भेव वाटते का?" असे म्हणत त्याने हात मात्र धुतले. मग जीभ धरली आणि विहिरीचे पाणी शेंदावे तशी सावकाश ओढली.

बाई वर आली. दारातल्या सुनेने तोंडावर पदर घेतला. म्हातारा वाकला, आणखी वाकला. जीभ त्याने सोडली नाही.

"हिच्या कपायाले कुकू हाये."

"हाव," मुलगा म्हणाला.

"छापेल नाई. लावेल हाये. कोनं लावलं?"

मी म्हणालो, "माझ्या घरच्यांनी. काल गौरीचे हळदीकुंकू होते. घरी आलेली बाई तशी जाऊ नये, असे त्यांना वाटले."

म्हातारा सरळ झाला. त्याने विहिरीकडे पाहिले, मग पुन्हा पेटीकडे.

"मांगची होती ते उघड्या कपायाची होती," तो अखेर म्हणाला, जणू स्वतःशीच. "कोनाची कोन, काई पत्ता नाई. तिले म्या चुलीत घातली. हिले कसं घालू? हिले एका सवाष्णीनं आपल्या घरातून कुकू लावून धाडली. हडयीच्या कपायाले कुकू टिकत नाई. हे हडय नाई बे. हे पाव्हनी हाये."

दारातून म्हातारी म्हणाली, "मंग पाव्हनीले उन्हात काऊन ठेवली? आत आना न तिले!"

माझ्या मित्राने एकदम खाली बसून वडिलांचे पाय धरले. म्हातारा ओशाळला. "ऊठ बे, चिखल लागन," म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, जरा कुतूहलाने, "महाराज, बोलते का हे?"

बोलते का! मी फोनो उघडला. नवी सुई बसवली, चावी दिली, पहिली तबकडी ठेवली. उन्हात तिच्यावरच्या रेघा रेशमासारख्या चमकल्या. सुई टेकली. आधी खरखर. मग वारा. मग कोठेतरी लोखंडी रहाट फिरू लागला, पाण्याचा थेंब पडला, आणि त्या मळ्यात, मिरचीच्या वाफ्यांच्या कडेला, एका स्त्रीचा स्वर उठला. आधी गुणगुणणे, मग गाणे, मग गाण्याच्या मध्येच अशी एक किंकाळी, की ओट्याखालच्या कोंबड्या फडफडत चहूकडे पळाल्या आणि सून "आई गं!" म्हणून सासूला बिलगली. शेजारच्या मळ्यातून दोघे भावबंद धावत आले. "काय झालं? कोनाले साप चावला?"

"कोनाले नाई," म्हातारा म्हणाला. त्याच्या अंगावरही काटा आला होता. उघड्या दंडावर मला तो स्पष्ट दिसत होता. डोळे मात्र चमकत होते. "पाव्हनी बोलून राह्यली. बसा. चूप बसा जरा." आणि मला म्हणाला, "महाराज, पुन्हा लावा. सुरुवातीपासून."

तिन्ही तबकड्या झाल्या, पुन्हा झाल्या. भाकरी तेथेच ओट्यावर खाल्ल्या. मी आयुष्यात पुष्कळ पुराणे सांगितली, पण इतके एकाग्र श्रोते मला फार थोडे लाभले.

उन्हे कलल्यावर खिळा ठोकण्याचे काम निघाले. खाटेसमोरच्या भिंतीवर जागा ठरली होती, पण उंचीवरून बापलेकांत जुंपली.

"एवढ्या खाली काऊन? लेकरं हात लावतीन."

"मले पडल्या पडल्या दिसाले पाह्यजे, बाबा."

"मान वर कर न जराशी!"

मुलाने खिळा तोंडात धरला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, पुढं-मांगं दुसरी भेटली तं माह्यासाठी कोरी घेऊन ठेवजा. कोरी, बरं का."

म्हाताऱ्याचे कान तिखट होते. "दुसरी भेटली," तो गरजला, "तं तिलेबी वहिनीच्या हातून कुकू लावून आनजा, महाराज! नाई तं चूल हाये!"

मित्राने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. अखेर खिळा म्हाताऱ्याला हव्या असलेल्या उंचीवरच ठोकला गेला. आणि मग म्हाताऱ्याने स्वतःच खाट भिंतीपासून दोन हात मागे ओढली, म्हणजे मुलाला पडल्या पडल्या दिसेल.

वाचकहो, हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घरच्या लहानथोरांना माझे मनापासून आशीर्वाद. तुमच्या दाराशी येणारा कोणीही अनोळखी म्हणून परत न जावो. तुमच्या विहिरींना आणि नळांना पाणी राहो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि मुलांचा एकमेकांवरचा लोभ वाढता असो. आणि मनाला ज्याचा छंद जडेल, त्याला घराच्या भिंतीवर मानाची जागा मिळो. शुभं भवतु.